वाचले, ठेवण्यास हरकत नाही

आमच्या वाचनालयात नवं पुस्तक आलं की ते आधी अध्यक्षांच्या घरी जायचं. अध्यक्ष ते वाचायचे आणि आतल्या कोऱ्या पानावर शाईनं लिहायचे, ‘वाचले. ठेवण्यास हरकत नाही.’ खाली सही. ही ओळ असल्याशिवाय पुस्तक कपाटात ठेवायचं नाही आणि सभासदाला द्यायचं नाही, असा नियम होता. वाचनालय निघालं त्याच वर्षी कुणाच्या तरी मुलीच्या हाती भलतंच पुस्तक पडलं आणि तिचा बाप काठी घेऊन जिना चढून आला, तेव्हा अध्यक्षांनी हा नियम केला. मी ग्रंथपाल म्हणून लागलो तोवर त्याला वीस वर्षं होऊन गेली होती आणि तो बाप आणि त्याची काठी कुणाच्या लक्षातही नव्हती.

वाचनालय नागपुरातल्या महाल भागात, एका व्यापाऱ्याच्या माडीवर. दोन खोल्या, चार कपाटं, एक जाजम आणि हातांची एकच खुर्ची, ती अध्यक्षांची. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होतं. साहेबलोक सिव्हिल लाइन्समध्ये राहायचे, राज्य तिथून चालायचं. आमच्या माडीवर अध्यक्षांचं चालायचं. ते वकील. वकिली सोडून पुष्कळ वर्षं झाली होती, तरी सगळं गाव त्यांना वकीलसाहेबच म्हणे. खोटं बोलणाऱ्या साक्षीदाराला चार प्रश्नांत घामाघूम करणं हा त्यांचा हातखंडा, असं त्यांच्या वेळचे लोक सांगत. मी इंग्रजीत नापास होऊन बी.ए. सोडलेलं. मला नोकरीवर घेताना ते म्हणाले, “नापास झाला म्हणते ना? मंग पुस्तकाची कदर तुले पास झालेल्यापेक्षा जास्त राहील.” मला तेव्हा राग फार लवकर यायचा. अजूनही येतो, पण आता दम पुरत नाही. त्या दिवशी मात्र राग आला नाही, कारण त्या माणसानं माझं नापास होणं हसून उडवलं होतं, आणि घरी ते कुणी उडवत नव्हतं.

मग दोनेक वर्षांत पुस्तकं त्यांच्या घरीच अडकू लागली. एक गठ्ठा नेऊन द्यावा, तर आधीचा तसाच पडलेला. सभासद माझ्या डोक्यावर बसायचे. “नवीन काही आहे का?” “अध्यक्षांकडे आहे.” हे उत्तर देऊन देऊन माझी जीभ झिजली. चिटणिसांनी शेवटी एक अतिशय नम्र चिठ्ठी पाठवली. चिटणीस म्हणजे इतवारी बाजारातले कापडाचे व्यापारी. चिठ्ठी गेली आणि आठ दिवसांत सगळी पुस्तकं परत आली. प्रत्येकावर तीच ओळ, तीच सही. चिटणीस खूश. म्हणाले, “पाहा, म्हाताऱ्यानं मनावर घेतलं की काय करते!”

त्या काळी विलायतेहून येणाऱ्या पुष्कळ पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच असत. वाचणाऱ्यानं चाकूनं कापत कापत पुढं जायचं. मी त्या गठ्ठ्यातलं एक जाड पुस्तक उघडलं, तर पानं जोडलेली. दुसरं उघडलं, तेही तसंच. आणि पहिल्या पानावर ‘वाचले’. वाचले कसे? फुंकर मारून? मला असा संताप आला की ते पुस्तक तसंच उचलून त्यांच्यासमोर आपटावं वाटलं. मग मी ती ओळ नीट पाहिली. कोऱ्या पानावर सुरू झालेली ओळ शिवणीवरून घसरून पलीकडच्या छापील नावावर चढली होती. दुसऱ्या पुस्तकात तर सही सगळीच छपाईवर. ज्याला पान दिसतं तो असं लिहीत नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की वकीलसाहेबांना जिन्याच्या पायऱ्या दिसत होत्या, माणसं ओळखू येत होती, पण अक्षर दिसत नव्हतं. आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

उन्हाळ्याचे दिवस होते, दुपारी वाचनालय दोन तास बंद असे. मी दाराला आतून कडी घातली, टेबलाच्या खणातला बोथट चाकू काढला आणि बसून सगळ्या पुस्तकांची पानं कापली. तीन दुपारी लागल्या. कशासाठी कापली, असं कुणी विचारलं असतं तर मी चिडलो असतो. मला त्यांची लाज वाचवायची होती, एवढंच तेव्हा कळत होतं.

त्याच उन्हाळ्यात अमेरिकेच्या अध्यक्षांची पेटी आली. सिव्हिल लाइन्सकडे एक अमेरिकन पाद्री राहत असे. मायदेशी परत जाताना त्यानं आपल्या देशाच्या माजी अध्यक्षांची चरित्रं वाचनालयाला देऊन टाकली. एकेकाचा एकेक ग्रंथ, सोनेरी अक्षरं, आणि आतली पानं जोडलेली. म्हणजे पाद्रीबुवांनीही ती वाचली नव्हती. नियमाप्रमाणे मी पेटीतला पहिला खंड वकीलसाहेबांकडे पोचवला. चौथ्या दिवशी तो ‘वाचले’ होऊन परत आला.

चिटणिसांना मात्र त्या खंडांत देवच दिसला. वार्षिक सभा दसऱ्यानंतरच्या रविवारी व्हायची आणि तिच्यात अध्यक्षाची निवड. आता नवा अध्यक्ष पाहिजे, असं कार्यकारी मंडळातल्या प्रत्येकानं दुसऱ्याच्या कानात सांगून झालं होतं. वकीलसाहेबांना तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. चिटणीस मला बाजूला घेऊन म्हणाले, “त्यांचा पहिला अध्यक्ष दोनदा बसला अन् तिसऱ्यांदा नको म्हणून आपल्या शेतावर चालला गेला. नदीकाठी शेत होतं त्याचं. वकीलसाहेबांचं पण मौद्याले कन्हानच्या काठी शेत आहेच. तू त्याइले वाचून दाखव गा. समजदार माणूस आहे, इशारा समजून जाईन.”

मी म्हटलं, “तुम्हीच का नाही सांगत?”

“मी?” त्यांनी कानाला हात लावले. “माझ्या लग्नात त्याइनं अक्षता टाकल्या. मी सांगू?” आणि मग आवाज चढवून म्हणाले, “पण सभेपर्यंत नाही समजलं, तर मी ऐकून घेणार नाही. कपाटातलं एकेक पुस्तक काढतो अन् चारचौघांत विचारतो, साहेब, याच्यात काय लिहून आहे ते सांगा! दोन दोन वर्षं घरी ठेवून घेते ना!”

चिटणिसांना वाटत होतं, म्हातारा आळशी झाला, हटवादी झाला. खरं काय ते मला ठाऊक होतं. जन्मभर दुसऱ्यांचं खोटं पकडलेला माणूस भर सभेत स्वतः खोटा ठरला असता. मी पहिला खंड आणि चाकू उचलला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला त्यांच्या घरी गेलो.

वकीलसाहेब ओसरीवर आरामखुर्चीत होते. दाराला वाळ्याच्या ताट्या, त्यांच्यावर काकू पाणी मारत होत्या. काकू म्हणजे वकीलसाहेबांची बायको. मी म्हटलं, “साहेब, माझं इंग्रजी कच्चं आहे. मी हे मोठ्यानं वाचतो, तुम्ही चुका दुरुस्त करा. पुन्हा परीक्षेला बसायचं मनात आहे.” परीक्षेचं साफ खोटं होतं.

“वाच,” ते म्हणाले.

मी पुस्तक उघडलं आणि पान कापायला चाकू घातला. शांत ओसरीवर कर्र आवाज झाला. आवाज ऐकला आणि माझा हात तिथंच राहिला. अरे मूर्खा! या खंडावर त्यांनी चार दिवसांपूर्वी ‘वाचले’ लिहून दिलं होतं. घरून कापून आणायला काय झालं होतं? वकीलसाहेबांनी मान वळवली. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं थांबली होती. मग म्हणाले, “थांबला काहून गा? काप अन् वाच.”

मी कापलं आणि वाचलं. त्या दिवसापासून मला कळलंय हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही. दोघंही त्यावर चकार शब्द बोललो नाही. मी माझ्या परीक्षेसाठी वाचत होतो आणि ते माझे उच्चार सुधारत होते. असे चार महिने गेले.

चिटणिसांचा इशारा पार वाया गेला. पहिल्या अध्यक्षाचं मी मन लावून वाचलं: कसं त्यानं स्वतःहून पद सोडलं, कसा तो घोड्यावर बसून शेतं पाहत हिंडायचा. वकीलसाहेबांनी विचारलं, “घरी गेल्यावर किती वर्षं जगला?” मी पानं चाळली. तीन वर्षंही नाही. गारठ्यात भिजला, घसा धरला, डॉक्टरांनी रक्त काढून काढून अर्धमेला केला आणि गेला. “पाहा,” ते म्हणाले, “घरी बसायचा हा परिणाम.” आतून काकू म्हणाल्या, “घरी बसून नाही मेला, पावसात हिंडून मेला. बायको नको म्हणतच असेल, पण ऐकते कोण?” यावर त्या पहिल्या अध्यक्षाचा वकील मीच असल्यासारखे दोघं माझ्याकडे पाहू लागले.

पुढचा एक अध्यक्ष निवडणूक हरून घरी गेला आणि चार वर्षांनी पुन्हा जिंकून त्याच घरात परत राहायला आला. हा खंड मी वाचायलाच नको होता. वकीलसाहेबांनी मांडीवर थाप मारली. “वा रे पठ्ठ्या! असा पाहिजे!” मी चिटणिसांना सांगितलं तेव्हा ते डोकं धरून दुकानाच्या गादीवर बसले. “तुले हाच भेटला वाचायले?” मीही चिडून म्हणालो, “पेटीत आहेत तेच वाचणार. माजी अध्यक्ष काय मी घरी बनवतो?” आणखी एकजण पद गेल्यावर त्या देशाचा सरन्यायाधीश झाला. तो वकीलसाहेबांना फार आवडला. त्याचं प्रकरण दोनदा वाचायला लावलं.

हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या थोर लोकांनी लढाया कशा मारल्या, कायदे कसे केले, यात वकीलसाहेबांना गोडी नव्हती. ते म्हणायचे, “ते सोड. शेवटी ये.” पद गेल्यावरच्या पहिल्या सकाळी तो माणूस उठून काय करायचा, हे त्यांना हवं असे. चरित्रकार तिथंच हात आखडते घेतात. चारशे पानं पदाची आणि वीस पानं नंतरची. “एवढंच?” ते विचारायचे. “एवढंच, साहेब.” अशा वेळी त्यांची मला फार दया यायची, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही यायचा. पुतळ्यासारख्या बसलेल्या त्या माणसाला एकदा तरी सरळ म्हणावं, साहेब, डोळे गेले तर गेले, सांगून टाका. रोज घरून निघताना मी हे ठरवायचो. ओसरीची पायरी चढलो की नुसतं पुस्तक उघडायचो.

पोळा झाला, गणपती गेले, आणि आम्ही एका बापाच्या मुलापाशी आलो. म्हणजे बापही अध्यक्ष होता आणि मुलगाही. मुलगा दुसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा हरला. घरी गेला, झुरला, आणि दोनेक वर्षांत पुन्हा निवडणुकीला उभा राहिला; पण अध्यक्षपदासाठी नाही, खालच्या सभागृहातल्या साध्या सभासदाच्या जागेसाठी. निवडून आला आणि जिथं एकदा सगळा देश त्याच्यापुढं उभा राहायचा, त्याच गावी इतरांसारखा एका बाकावर जाऊन बसला. सतरा वर्षं बसला. म्हातारा झाला, हात थरथरायला लागले, तरी बसला. त्या बाकावरच एक दिवस कोसळला.

वकीलसाहेब म्हणाले, “पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं.

“त्याले कमीपणा नाही वाटला?”

मी पान पाहिलं. कुणीतरी त्याला हेच विचारलं होतं, असं लिहिलं होतं. आणि यात कमीपणा कसला, असं काहीतरी तो म्हणाला होता. मी तेवढं सांगितलं.

“हं,” वकीलसाहेब म्हणाले. आणि त्या दिवशी त्यांनी माझा एकही उच्चार सुधारला नाही.

सभेचा रविवार उजाडला. माडी भरली होती. चिटणीस सकाळपासून घामाघूम. दोनदा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “आज मी सोडत नाही.” त्यांच्या हातात कपाटातली तीन पुस्तकं होती. मी त्यांतलं वरचं ओळखलं. त्याची पानं मीच कापली होती. मला वाटलं, आता माडीवरून सरळ खाली उतरावं आणि जुमा तलावाच्या काठी जाऊन बसावं. पण सभेचे विषय मलाच वाचायचे होते.

अहवाल झाला. आभार झाले. ‘अध्यक्षांची निवड’ असं मी वाचलं आणि चिटणीस उठून उभे राहिले. त्यांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. वकीलसाहेब पांढरं उपरणं घेऊन हातांच्या खुर्चीत ताठ बसले होते. चिटणिसांच्या हातातली पुस्तकं हळूच खाली, जाजमावर गेली. त्यांनी घसा खाकरला आणि गेली वीस वर्षं दर सभेत म्हटलेलं तेच वाक्य त्यांच्या तोंडून निघालं: “यंदाही अध्यक्षपद वकीलसाहेबांनीच भूषवावं, अशी मी सूचना मांडतो.”

“अनुमोदन!” सगळी माडी एका सुरात ओरडली.

मी चिटणिसांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं आश्चर्य होतं की दुसऱ्याच कुणीतरी त्यांच्या तोंडून बोलून गेलं असावं. वर्षभर कट केलेल्या एकूण एक माणसानं हात वर केला होता. मीही. टाळ्या वाजल्या. सुटलो, एक वर्ष सुटलो, असंच मला वाटलं, आणि हे लिहिताना त्याची लाज वाटते.

“नाही,” वकीलसाहेब म्हणाले.

टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला.

ते खुर्चीचा हात धरून उठले. “मी दोन वर्षांपासून वाचू शकत नाही. मले अक्षर दिसत नाही. अन् तरी मी पुस्तकांवर ‘वाचले’ लिहून राहिलो. ती पुस्तकं न कापलेली गेली माझ्या घरून. इथं हातानं चाचपली तर कापलेली सापडली; कशी, ते मी विचारणार नाही.” माझे कान तापले. “कोर्टात असं लिहून देणाऱ्या माणसाले मी सोडलं नसतं. म्हणून आजपासून मी अध्यक्ष नाही. सभासद म्हणून ठेवायचं का, ते तुम्ही ठरवा.”

ते खुर्चीच्या कडेनं निघाले आणि जाजमावर, मागच्या भिंतीशी, लोकांच्या चपला काढल्या होत्या त्याच्या जरा अलीकडे, मांडी घालून बसले. तिथं बसलेल्या एका शिंप्यानं घाईनं सरकून जागा केली. चिटणीस तिथंच उभे होते आणि रडत होते, अगदी सगळ्यांदेखत, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत. मला त्यांचा इतका राग यायचा, पण त्या वेळी आला नाही.

सभा संपल्यावर मी वकीलसाहेबांना घरी पोचवायला निघालो. त्यांनी माझा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता. गल्लीच्या वळणावर ते म्हणाले, “तुले कधीपासून माहीत होतं?”

“उन्हाळ्यापासून.”

“मंग बोलला काहून नाही गा?”

मी म्हटलं, “तुम्ही मोठे, साहेब. मी कसं बोलू?”

“सगळे असंच म्हणते,” ते म्हणाले. “मोठे, मोठे. मी दोन वर्षं एकटा बसून होतो रे त्या खुर्चीत.”

मला भर रस्त्यात रडू आलं. त्यांना दिसलं नसेल असं मला वाटलं, पण त्यांनी माझा हात जरा घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी जावं की नाही, मला कळेना. परीक्षेचं सोंग संपलं होतं. पण तीन वाजले आणि मी पेटीतला पुढचा खंड उचलला. ओसरीची पायरी चढलो तर आरामखुर्चीतून आवाज आला, “चाकू आणला का?”

“आणला, साहेब.”

“काप मंग. अन् आज माझ्यासाठी वाच. तुझं इंग्रजी चांगलं आहे.”

तो खंड संपायला वीस-बावीस दिवस लागले. संपल्यावर त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं, पहिलं कोरं पान बोटांनी चाचपलं आणि माझ्याकडे परत दिलं. नवा अध्यक्ष तोवर नेमला गेला होता आणि तो जुना नियम मोडीत निघाला होता. ओळीची गरज कुणालाच नव्हती. तरी ते म्हणाले, “लिही.” मी दौतीत टाक बुडवला. त्यांनी सांगितलं तसं माझ्या अक्षरात लिहिलं, ‘ऐकले. ठेवण्यास हरकत नाही.’ मग त्यांचा हात धरून टाक योग्य जागी टेकवला, आणि त्यांनी सही केली.